दुसऱ्याला वाचता येईल अशी गाठ

ताईचं काम म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या गाठी बघणं. सुताचं एक जुनं गोदाम होतं, त्याच्या आत चौदा मीटर उंच भिंती उभ्या करून त्यांवर रंगीत पकडी ठोकल्या होत्या आणि लोक कंबरेला दोर बांधून त्या चढायला येत. हाताला लावायच्या पावडरीचा आणि घामेजल्या मोज्यांचा वास तिथे कायम भरलेला असे. चढणाऱ्याने हार्नेसला, म्हणजे कंबर आणि मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांना, दोर स्वतः बांधायचा आणि त्याने जमीन सोडायच्या आधी ताईने ती गाठ बघायची. दोर कंबरपट्ट्यातून आणि मांड्यांच्या पट्ट्यातून, दोन्हींतून गेलाय का. गाठ पूर्ण आहे का. शेपटी, म्हणजे गाठीबाहेरचं दोराचं टोक, वीतभर उरलीय का. सगळं ठीक असलं की ती खांद्यावर दोनदा टिचकी मारून "जा" म्हणायची. मग पुढचा.

शनिवारी असे शंभर-सव्वाशे लोक व्हायचे. संध्याकाळी बसथांब्यावरच्या बाकावर टेकली की तिला डोळे मिटूनही गाठीच दिसायच्या. छप्पन्न वर्षांचं वय आणि बावीस वर्षांची नोकरी. पायांचं एक वेळ ठीक होतं, बोटांनी मात्र गेली तीन वर्षं छळ मांडला होता. सांधे सुजून आल्याच्या गड्ड्यांसारखे झाले होते. सकाळी उठल्यावर अर्धा तास मूठ वळायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, बोटांना जपा. ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

तिथे सगळ्यांना शिकवली जायची ती आठाची गाठ. दोराचा इंग्रजी आठचा आकडा करायचा, टोक हार्नेसमधून ओवायचं आणि त्याच आठाच्या अंगाअंगाने परत फिरवून आणायचं. सगळीकडे दोन-दोन पदर दिसले की झाली. भक्कम गाठ, आपणहून कधी सुटायची नाही. पण एखादा दोन-चारदा पडला, दोरावर लोंबकळला, की ती आवळून दगड होते. मग तो खाली येऊन इकडेतिकडे बघत म्हणायचा, "ताई, सुटत नाही." ताई गाठ दोन्ही हातांत धरून काटकी मोडावी तशी मागेपुढे वाकवायची, एकेक पदर ढिला करायची. थंडीच्या दिवसांत तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. लोकांना वाटायचं, पावडर गेली असेल.

स्वतः चढताना मात्र ती आठाची गाठ बांधत नसे. तिची गाठ बोलाइन. ती तिला दादाने शिकवली होती, स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पायाला दोरी बांधून, ती एकोणीस वर्षांची असताना. दादा तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. त्याने उभा जन्म उंच इमारतींच्या काचा पुसण्यात घालवला. आठ वर्षं तीही त्याच्यासोबत दोरावर होती. एक बादली त्याच्या कंबरेला, एक तिच्या. दादाचं म्हणणं ठाम होतं. आठाची गाठ शिकाऊ लोकांची, जाणत्याची बोलाइन. कितीही वजन पडू दे, शेवटी अंगठ्याने ढकलली की सुटते. आठाचं नाव काढलं की त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या.

बोलाइनमध्ये एक खोट आहे, हेही त्यानेच शिकवलं होतं. वजन नसताना ती हलत राहिली तर सैल पडते. म्हणून शेपटीचा शेवटचा एक फेरा घेऊन ती गाठीतच अडकवायची. "दार ओढून घेतलं म्हणजे कडी लागली असं नाही," दादा म्हणायचा. "शेवटचा फेरा म्हणजे कडी."

सदतीस वर्षांत ती कडी लावायला ताई कधी विसरली नव्हती. आणि बोटं अशी झाल्यापासून तर बोलाइन तिला देवासारखी वाटायची. दिवसभर दुसऱ्यांच्या गाठी सोडवून थकल्यावर निदान स्वतःची तरी एका अंगठ्याने सुटायची.

त्या वर्षी मॅनेजरने फळ्यावर कागद लावला. पहिल्या तारखेपासून सगळ्यांनी, नोकरीवरच्यांनीसुद्धा, फक्त आठाची गाठ बांधायची. हा मॅनेजर ताईच्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे कागद लावून झाल्यावर तो स्वतःच तिच्याकडे आला.

"ताई, तुमची गाठ चुकीची आहे असं नाही," तो म्हणाला. "पण इथे ती तुमच्याशिवाय कुणाला ओळखता येत नाही."

"मला येते ना ओळखता?"

"तुमची गाठ तपासणार कोण पण?"

"माझी?" ताईने त्याच्याकडे असं बघितलं की तो हातातल्या किल्ल्या चाळवत निघून गेला. पुन्हा त्याने विषय काढला नाही. कागद फळ्यावर राहिला आणि ताई बोलाइन बांधत राहिली.

मंगळवारी सकाळी हॉल बंद असायचा. त्या वेळात भिंतीवरच्या पकडी काढून नव्या जागी लावायच्या असत, म्हणजे चढणाऱ्यांना तेच तेच चढून कंटाळा येत नाही. हे काम ताईचं. पिशवीत पकडी आणि पाना घेऊन वर जायचं, दोर छताखालच्या दांडीवरून परत खाली यायचा, त्याचं दुसरं टोक खाली कुणीतरी धरायचं. सकाळी माणसं कमी असत, म्हणून मॅनेजरने एका निवृत्त बसड्रायव्हरला विचारलं होतं. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं म्हणून हा गृहस्थ चढायला यायला लागला होता. चढण्यात त्याला गती नव्हती, पण दोर धरण्याची परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाला. सगळे त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. तेहेतीस वर्षं त्याने एकाच मार्गावर बस चालवली होती. रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी मारायची, चारी चाकांना हात लावायचा आणि मगच वर चढायचं, हे तो भेटेल त्याला सांगायचा.

पहिल्याच मंगळवारी त्याने ताईच्या गाठीकडे वाकून बघितलं. चष्मा कपाळावर नेला, परत डोळ्यांवर आणला.

"ताई, ही गाठ मला वाचता येत नाही."

"नाही आली तर नाही. मी बांधली आहे."

"तसं नव्हे, पण इथे लिहिलंय की धरणाऱ्याने बांधणाऱ्याची गाठ..."

ताईच्या पाठीत त्या दिवशी चमक भरली होती. काउंटरवरची बाई आणि झाडणारा माणूस, दोघं ऐकत होते. ती म्हणाली, "ड्रायव्हरसाहेब, ज्याला वाचता येत नाही त्याने पुस्तक मिटून ठेवावं."

काउंटरवरची बाई हसली. झाडणाराही हसला. ड्रायव्हरसाहेबांनी मान हलवली आणि दोर धरला. त्यानंतरचे पाच मंगळवार त्यांनी काही विचारलं नाही.

सातव्या मंगळवारी दादाचा फोन आला. कंबरेचं हाड मोडल्यापासून तो ताईकडेच राहायचा, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. दिवसभर एकट्याला कंटाळा यायचा, म्हणून सकाळी दहाच्या आत त्याचे तीन फोन ठरलेले. त्या दिवशी ताईने दोर हार्नेसमधून ओवला होता, वळसा घेतला होता, टोक आत घातलं होतं, आणि खिशातला फोन वाजला.

"गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवलीस?"

"खाटेच्या पायथ्याशी."

"नाहीये."

"उशीखाली बघ."

"उशीखाली कोण ठेवतं?"

"तूच ठेवतोस, दादा. काल ठेवली होतीस."

फोनमध्ये खुडबुड झाली, मग बराच वेळ काही नाही, मग "सापडली," आणि फोन बंद. ताईने एक सुस्कारा टाकला, फोन बाकावर ठेवला, दोर एकदा ओढून बघितला आणि पिशवी खांद्याला अडकवून चढायला लागली. आदल्या रात्री दादाचं अंग दुखत होतं म्हणून दोघांचीही झोप झाली नव्हती. डोकं कापसासारखं झालं होतं. हात आपले आपण पकडी शोधत होते.

दोर नवा होता, तारेसारखा ताठ. अकरा मीटरवर तिने डावीकडे सरकायला ढील मागितली. ड्रायव्हरसाहेबांनी दिली. दोन पकडी काढल्या, एक लावली. दुसरीसाठी पाना काढायला हात कंबरेशी नेला, तेव्हा बोटांना दोराचं टोक लागलं. ते तिथे असायला नको होतं.

तिने खाली मान घातली. गाठ अशी उरलीच नव्हती. वळसा बांगडीएवढा उघडला होता आणि टोक त्यात बोटभर अडकलं होतं. शेवटचा फेरा घेतलेलाच नव्हता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर खालून दोर ओढला गेला असता आणि तेवढंही टोक निसटलं असतं. तिने डावा हात पकडीत घट्ट रोवला. हार्नेसला एक आखूड पट्टा होता, त्याच्या टोकाला हूक. भिंतीत हातभर अंतरावर लोखंडी कडी होती. हुकाचं तोंड अंगठ्याने दाबून उघडायचं आणि कडीत अडकवायचं. रोज दहादा करायची ती हे. आज अंगठा दाबेना. पहिल्यांदा हूक कडीवर नुसता आपटला. दुसऱ्यांदा अर्धा उघडला. डाव्या हाताची बोटं एकेक करून सुटायला लागली आहेत हे तिला कळत होतं, पण आश्चर्य म्हणजे भीतीपेक्षा कंटाळाच जास्त आला होता. आता हे पण, असं तिला वाटलं. तिसऱ्यांदा खट्ट आवाज झाला.

ती पट्ट्यावर लोंबकळत राहिली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात आठ चाळीस झाले होते.

"ताई, काय झालं?" खालून आवाज आला.

"काही नाही. दोर अजून थोडा सोडा. आणि ओढू नका."

आता परत बांधायचं होतं. बोलाइन तिने झोपेतही बांधली असती. हातही त्याच वळणाने निघाले होते. ती थांबली. खाली तोंड वर करून तो माणूस उभा होता आणि त्याला या गाठीतलं काही कळणार नव्हतं. आणि आत्ता या घडीला तिचा स्वतःच्या नजरेवर भरवसा नव्हता. तिने दोराचा मधला भाग दातांत धरला, टोक मोकळं केलं आणि आठ घातला. ताठ दोर वळेना. पदर एकमेकांवर चढत होते, ते बोटांनी नीट बसवायला पाच मिनिटं लागली. मग ती अंग बाजूला करून म्हणाली,

"ड्रायव्हरसाहेब, इथून दिसते का?"

"लांबचं सगळं दिसतं मला, जवळचंच दिसत नाही." ते दोन पावलं मागे गेले. "आठ आहे. दोन-दोन पदर... वर दोन, मध्ये दोन, खाली दोन. शेपटी आहे."

"दोन्ही पट्ट्यांतून गेलाय?"

"जरा वळा. हो. गेलाय."

"मग घ्या मला खाली."

खाली मॅटवर पाय टेकल्यावर ती बसलीच. काय झालं ते तिने चार वाक्यांत सांगितलं. दोर बाजूला ठेवून ड्रायव्हरसाहेबही तिच्या शेजारी बसले.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले.

"काय?"

"शेपटी लोंबत होती. दर वेळी ती वर खोचलेली असते, आज नव्हती. मला वाटलं, विचारावं."

"मग विचारलं का नाहीत?"

ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "पुस्तक मिटून ठेवलं होतं."

ते वाक्य त्या दिवशी घरी जाऊन तिने दादालाही सांगितलं होतं आणि दोघं पोट धरून हसले होते.

"तेहेतीस वर्षं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "गाडीभोवती फेरी चुकवली नाही. आणि आज डोळ्यांदेखत..." ताई उठली, पाण्याचा ग्लास घेऊन आली, त्यांच्या हातात दिला आणि ते पिईपर्यंत उभी राहिली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुमची नाही." ते त्यांना पटलं असं दिसलं नाही.

मग ती मॅनेजरच्या खोलीत गेली. नोंदवही काढ म्हणाली. त्याने ऐकता ऐकता उठून दार लावलं. त्याचा चेहरा उतरला होता. ताईला वाटलं होतं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण तो फक्त एवढंच म्हणाला, "मी कागद लावला आणि तुमच्यापुढे गप्प बसलो."

म्हणजे गप्प बसलेले दोन झाले, ताईच्या मनात आलं. आणि दोघांनाही तिनेच गप्प केलं होतं.

"लिही," ती म्हणाली. "मी सांगते तसं लिही. फोन आला म्हणून असं लिहू नकोस. फोन रोजच येतो. धरणाऱ्याला तपासू दिलं नाही, असं लिही."

त्याने लिहिलं. दोन आठवडे तिने चढायचं नाही, खालची कामं करायची, असं ठरलं. ताई हो म्हणाली. खरं तर तिला बरंच वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

घरी दादा खिडकीशी खुर्चीत बसला होता. पाठीशी गरम पाण्याची पिशवी. ताईने चपला काढल्या, हात गरम पाण्यात बुडवून बसली आणि त्याला सगळं सांगितलं.

"मी नीट शिकवली होती तुला," दादा म्हणाला.

"नीटच शिकवली होतीस. मी अर्धी बांधली."

"माझ्या फोनमुळे."

"फोनमुळे नाही."

दादाने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या इमारतीच्या काचा मळल्या होत्या, त्याचा त्याला रोज राग यायचा. "आता काय बांधणार?"

"आठ."

तिला वाटलं, आता सुरू होईल. पण त्याने विचारलं, "बोटांना सुटेल?"

"नाही."

"मग?"

"कुणाला तरी सांगेन सोडवायला."

"तू सांगणार? दुसऱ्याला?" दादा खरोखरच अचंब्यात पडला. मग म्हणाला, "त्या ड्रायव्हरला दिसलं होतं म्हणतेस, तर तो बोलला का नाही?"

"मी त्याचं तोंड बंद केलं होतं."

दादाने मान हलवली. "माझ्यावर गेलीस," तो म्हणाला. "दोरावर होतो तेव्हा माझ्या गाठीला मी कुणाला बोट लावू दिलं नाही. तुलाही नाही."

"आठवतंय."

"एकदा तू बघायला आलीस तर मी तुझ्या हातावर चापट मारली होती."

"तेही आठवतंय."

"नशीब म्हणायचं," दादा म्हणाला. नक्की कुठल्या गोष्टीला, ते त्याने सांगितलं नाही. पाणी निवत आलं होतं.

दोन आठवड्यांनी ती परत भिंतीवर गेली. आठाची गाठ बांधली, ड्रायव्हरसाहेबांनी प्रत्येक पदरावर बोट ठेवून तपासली, अगदी हळू, चाकांना हात लावावा तशी. ताईने तोंडातून शब्द काढला नाही. तासभर वर काम केलं. खाली आली तेव्हा गाठ दगड झाली होती. ती बाकावर जाऊन पाठमोरी बसली आणि एकटीने झटापट करत राहिली. डाव्या अंगठ्यातून कळ थेट कोपरापर्यंत जात होती. दहा मिनिटं झाली. दिवसभर शंभर जण तिला "सुटत नाही" म्हणून सांगायचे, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. तिच्या मात्र जिभेवर ते शब्द येईनात. शेवटी ती दोरासकट उठली, शेपटी ओढत काउंटरकडे गेली आणि म्हणाली, "सुटत नाही."

काउंटरवरच्या बाईने आधी वळून मागे कोण आहे ते बघितलं. मग चाव्यांचा जुडगा बाजूला ठेवून ती बाहेर आली. तिचं एक नख तुटलं. मग ड्रायव्हरसाहेब आले. आयुष्यभर स्टिअरिंग फिरवलेले जाड हात, त्यांनी दोनदा वाकवली आणि गाठ मोकळी झाली.

"झालं," ते म्हणाले.

"झालं," ताई म्हणाली. आभार मानायचे राहून गेले, ते तिने पुढच्या मंगळवारी मानले.

पुढे वर्षभर असंच चाललं. बोटं काही सुधारली नाहीत. ताईने आठवड्यातून दोनच दिवस चढायचं ठरवून घेतलं. कागदावरच्या नियमाखाली मॅनेजरने आणखी एक ओळ लिहिली, की कुणाचीही गाठ कुणीही तपासू शकतो आणि ज्याची तपासली त्याने रागवायचं नाही. ही ओळ कुणामुळे आली ते सगळ्यांना माहीत होतं. ड्रायव्हरसाहेबांचा गुडघा बिघडला आणि त्यांनी येणं थांबवलं. मंगळवारी दोर धरायला जो मोकळा असेल तो यायचा, आणि कधी कुणीच मोकळा नसायचा.

अशाच एका मंगळवारी ताई गाठ बांधून भिंतीखाली उभी होती. मॅनेजर फोनवर होता, काउंटरवरची बाई पाइप गळतो म्हणून नळाची दुरुस्ती करणाऱ्याला घेऊन आत गेली होती. ताईने स्वतःची गाठ तीनदा बघितली. बरोबर होती. दहा पकडी लावून व्हायच्या होत्या आणि तासाभरात दार उघडायचं होतं. ती मॅटवर बसली. मग पाठ टेकली. छताखालच्या पंख्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला कोण जाणे.

"झोपलात काय?" काउंटरवरची बाई डोक्याशी उभी होती, हात ओले.

"नाही," ताई डोळे न उघडता म्हणाली. "गाठ बघ."

बाईने हात कपड्यांना पुसले, गुडघ्यांवर बसली आणि पदर मोजायला लागली.